आत ऊर्जेचं काम चालू आहे

ऊर्जा ही मुळात वाहण्यासाठी जन्माला येते आणि अडण्यासाठी मोठी होते, हे जगातल्या सगळ्या जुन्या विद्यांनी मान्य केलेलं आहे. नद्या अडतात, श्वास अडतो, बढत्या अडतात. वीज तर अडतेच. आमचं कार्यालय विजेचं असल्यामुळे या सत्याचा आमच्याइतका जवळून अभ्यास दुसऱ्या कुणी केला असेल असं वाटत नाही. तक्रार विभागाचा मुख्य कारकून या नात्यानं हा अभ्यास मी रोज सकाळी खिडकी उघडली की करत असे, आणि अभ्यासाचं साहित्य ग्राहक स्वतःच आणून देत. त्यात जळालेले पंखे असत, करपलेल्या वायरी असत. एका गृहस्थांनी तर फ्रीजमधलं नासलेलं दूध पुरावा म्हणून खिडकीवर ठेवलं आणि घरी निघून गेले.

याचा परिणाम कर्मचाऱ्यांच्या प्रकृतीवर होऊ लागला. टंकलेखकाचा डोळा फडफडायचा. भांडारपालांना सगळे 'उद्यानाना' म्हणतात (कारण भांडारात काहीही मागायला गेलं की ते "उद्या या" म्हणतात); त्यांची मान एका बाजूला वळेनाशी झाली. ती बाजू भांडाराची होती, त्यामुळे कामात फरक पडला नाही, पण माणूस म्हणून वाईट वाटायचं.

साहेबांनी परिस्थितीचा सर्व बाजूंनी विचार केला. त्यांच्यापुढे दोन मार्ग होते. एक म्हणजे वीजपुरवठा सुधारणं. दुसरा म्हणजे वीजपुरवठ्याकडे पाहण्याची आपली दृष्टी सुधारणं. पहिल्याला खांब, तारा, माणसं आणि गाड्या लागतात. दुसऱ्याला फक्त दृष्टी लागते. कुठल्याही जबाबदार अधिकाऱ्यानं जे केलं असतं तेच साहेबांनी केलं आणि आपल्या साडूंना बोलावून घेतलं.

साहेबांचे साडू पूर्वी गाद्या विकत. आयुष्यभर लोकांना आडवं केल्यावर त्यांना उपरती झाली आणि ते लोकांना उभं राहायला शिकवू लागले. या विद्येचं नाव चीगाँग. ती चीन देशातली असून फार जुनी आहे, म्हणजे आमच्या तारांच्याही आधीची. साडूंना आम्ही गुरुजी म्हणावं असं ठरलं, कारण कार्यालयात 'साडू' ही पदश्रेणी नाही.

पहिल्या दिवशी गुरुजींनी आम्हाला सभागृहात गोळा केलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं, "ची म्हणजे प्राणशक्ती. जिवंत असलेल्या प्रत्येक गोष्टीतून ची वाहते."

टंकलेखकानं हात वर केला. "गुरुजी, ची कुणाची?"

"कुणाची म्हणजे?"

"म्हणजे नुसतं 'ची' म्हटलं की वाक्य अर्धवट वाटतं. कुणाची तरी पाहिजे ना? रामाची, गोविंदाची, कार्यालयाची."

गुरुजींनी डोळे मिटले. "विश्वाची," ते म्हणाले.

टंकलेखकाचं समाधान झालं. षष्ठीचा प्रत्यय एकदा नीट लागला की आमच्याकडे कुठलीही गोष्ट मंजूर होते.

'गाँग' म्हणजे दीर्घकाळ, चिकाटीनं केलेलं काम, हेही गुरुजींनी सांगितलं. या दुसऱ्या शब्दाबद्दल सभागृहात थोडी नाराजी पसरली. पण ते काम उभ्या जागी, जवळजवळ न हलता करायचं असतं असा खुलासा होताच वातावरण निवळलं.

पुढचं शास्त्र आम्हाला झटकन कळलं, कारण ते सगळं आमच्याच खात्यातलं निघालं. शरीरात ऊर्जेच्या वाहिन्या असतात, म्हणजे तारा. त्यांच्यावर ठिकठिकाणी बिंदू असतात, म्हणजे जोड. ऊर्जेचा साठा करणारी तीन केंद्रं असतात, एक कपाळामागे, एक छातीत आणि मुख्य ते बेंबीच्या खाली. वाहिनी तुंबली की दुखणं येतं आणि मोकळी केली की जातं. यातलं तुंबणं आम्हाला ठाऊक होतं. मोकळं करायचं असतं, ही बाजू नवीन होती.

बेंबीखालच्या या केंद्राला चिनी भाषेत 'दानत्येन' म्हणतात. टंकलेखकाला शब्द नवा असल्यामुळे परिपत्रकात तो 'दानत' असा उमटला, आणि "प्रत्येक कर्मचाऱ्याने आपली दानत बेंबीखाली तीन बोटे शोधावी, न सापडल्यास वरिष्ठांस कळवावे" अशी सूचना सूचनाफलकावर लागली. कुणीही वरिष्ठांस कळवलं नाही. वरिष्ठांनीही कुणास कळवलं नाही.

अभ्यासाची वेळ सकाळची ठरली, कारण सकाळी ऊर्जा ताजी असते. खिडकी उघडण्याचीही वेळ तीच होती. दोन ताज्या गोष्टी एकाच वेळी हाताळणं योग्य नाही म्हणून खिडकी बंद ठेवण्यात आली आणि तिच्यावर 'आत ऊर्जेचे काम चालू आहे' अशी पाटी लावली. पाटीतला एकही शब्द खोटा नव्हता. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात असं प्रथमच घडत होतं.

अभ्यास असा. पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवून उभं राहायचं. गुडघे किंचित वाकवायचे, जणू उंच स्टुलावर टेकतो आहोत. (स्टूल नसतं. पहिल्या दिवशी उद्यानाना खरोखर टेकले.) हात छातीसमोर गोल धरायचे, झाडाच्या बुंध्याला किंवा मोठ्या चेंडूला कवेत घेतल्यासारखे. खांदे सोडायचे, जबडा सोडायचा, श्वास पोटात न्यायचा. मग शरीर, श्वास आणि मन या तिघांची एकत्र बैठक भरवायची. त्या बैठकीत काहीही ठरवायचं नाही. या एका बाबतीत आम्हाला आधीचा अनुभव कामी आला.

मग हालचाली. दोन्ही हातांनी आभाळ उचलायचं. धनुष्य ओढल्यासारखा एक हात ताणायचा. सगळं अगदी संथ, पाण्याखाली चालल्यासारखं. गुरुजी म्हणाले, "घाई करायची नाही. काम पुढे नेण्याचा प्रयत्नच करायचा नाही." कितीतरी वर्षं ज्यासाठी ठपका खात आलो तो गुणच होता, हे ऐकून लेखापालांच्या डोळ्यांत पाणी आलं.

परिणाम चांगले दिसले, हे मी मोकळ्या मनानं नमूद करतो. नव्वद टक्के कर्मचाऱ्यांना बोटांच्या टोकांशी मुंग्या जाणवल्या. (उरलेल्या दहा टक्क्यांना जाणवलेल्या मुंग्या साखरेच्या डब्यातून आल्या होत्या.) टंकलेखकाचा डोळा थांबला. मला स्वतःला रात्री शांत झोप लागू लागली. फक्त घरी थोडा गैरसमज झाला. स्वयंपाकघरात मी चेंडू धरून उभा होतो, तेव्हा आमच्या हिनं आल्या आल्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या अडकवल्या आणि म्हणाली, "उभेच आहात तर धरा. मी जरा टेकते." गुरुजींना विचारलं तर त्यांनी सांगितलं की ही प्रगत पातळी आहे.

सर्वांत मोठा परिणाम तक्रारींवर झाला. त्या जवळजवळ बंदच पडल्या. खिडकी बंद असल्यामुळे असं झालं असावं, अशी शंका लेखापालांनी काढली होती. साहेबांनी त्यांना कपाळामागचं केंद्र शांत ठेवायला सांगितलं.

याच काळात मशीनवाल्या काकू कार्यालयात आल्या.

काकू शिवणकाम करत. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत विजेवर चालणारी दोन मशीनं होती. एक त्या चालवत, एक त्यांची जाऊ. एका शाळेचे सगळे गणवेश त्यांनी शिवायला घेतले होते आणि शाळा उघडायला दोनच महिने उरले होते. अडचण एवढीच, की त्यांच्या गल्लीचा ट्रान्सफॉर्मर (कार्यालयीन भाषेत रोहित्र, गल्लीच्या भाषेत 'तो मेला डबा') म्हातारा झाला होता. दिवा लागला की निखाऱ्यासारखा दिसे, आणि मशीन सुरू केलं की सुई कापडापर्यंत येऊन विचार करत थांबे. नवा ट्रान्सफॉर्मर आलेला होता. तो आमच्या भांडारात होता. उद्यानाना त्याला रोज पाहत, म्हणजे मान वळली असती तर पाहिला असता.

काकूंनी खिडकीवरची पाटी वाचली आणि बाजूच्या दारानं थेट सभागृहात आल्या. समोर अख्खं कार्यालय मिठी मारण्याच्या तयारीत उभं होतं.

"कुणी वारलंय का?" त्यांनी मला हळूच विचारलं.

"नाही काकू. ऊर्जा मोकळी करतोय."

"आमच्या गल्लीची?"

"आधी स्वतःची. मग बघू."

काकू कमरेवर एक हात ठेवून बघत राहिल्या. दुसरा ठेवता येत नव्हता. त्यांचा उजवा खांदा कित्येक महिने धरला होता, केसही जाऊबाईच विंचरून देत. गुरुजींच्या ते लक्षात आलं. ते म्हणाले, "या बाई, मागच्या रांगेत उभ्या राहा. दुखेल तिथवर न्यायचा नाही, दुखण्याच्या अलीकडे थांबायचं."

गुरुजी एकेकाळी गाद्या विकत असले तरी माणूस खरा होता. काकू रोज येऊ लागल्या. तक्रार घेऊन येत, ती बाजूला ठेवत, अभ्यास करत आणि तक्रार परत घेऊन जात. काही आठवड्यांनी एका सकाळी त्यांनी दोन्ही हातांनी आभाळ उचललं आणि हात तसेच धरून ठेवले. ते कानांना लागले होते. त्या खुदकन हसल्या, आणि डोळे पुसायला त्यांनी मुद्दाम उजवा हात वापरला. त्या दिवशी सभागृहात टाळ्या वाजल्या.

"गुरुजी, तुमचे उपकार झाले," काकू म्हणाल्या. "आता खांदा चालतो. मशीन तेवढं चालत नाही."

"त्यासाठी कुणाला भेटायचं?" गुरुजींनी भाबडेपणानं विचारलं.

सगळ्यांनी उद्यानानांकडे पाहिलं. नाना अडलेल्या मानेनं म्हणाले, "उद्या या."

मधल्या काळात एका नव्या कर्मचाऱ्यानं अभ्यास अर्ध्यावर सोडून चहाला जाण्याचा प्रकार केला होता, म्हणून साहेबांनी एक नियम काढला: "सर्वांसमोर उभा असलेला मार्गदर्शक सांगता करीत नाही तोवर कोणीही, कोणत्याही कारणास्तव, हात खाली घेऊ नये. तसे केल्यास ऊर्जा उलट फिरते व तिची जबाबदारी कार्यालयावर राहणार नाही." खाली सही होती. गुरुजींनी असं काही सांगितलं नव्हतं, पण सहीनंतर तेही तसंच शिकवू लागले.

तक्रारी बंद पडल्याची कीर्ती वर गेली आणि थोरले साहेब स्वतः पाहणीला यायचं ठरलं. त्याच सकाळी गुरुजींनी घरची गादी उलटायला घेतली आणि त्यांची कंबर लचकली. (व्यसनं सहजी सुटत नाहीत.) आता मार्गदर्शन कोण करणार? साहेबांना थोरल्या साहेबांच्या शेजारी उभं राहणं भाग होतं. माझं नाव निघालं होतं, पण बोलता बोलता मी श्वास घ्यायला विसरतो. तेवढ्यात बाजूच्या दारातून काकू आल्या आणि साहेबांचा चेहरा उजळला.

"ग्राहकच मार्गदर्शन करतोय म्हटल्यावर थोरले साहेब खूश होतील," ते म्हणाले. "काकू, कराल ना?"

"करते की," काकू म्हणाल्या. "नियम तेच ना? सांगतेपर्यंत हात खाली नाहीत?"

"अर्थात. नियम म्हणजे नियम."

थोरले साहेब आले. अंगानं भरलेले, कपाळाला कायमची आठी. त्यांनी बूट काढले, पहिल्या रांगेत उभे राहिले आणि चेंडू धरला. काकूंनी गुरुजींसारखाच मऊ आवाज लावला.

"गुडघे सैल. खांदे सैल. जबडा सैल. दिवसभर ज्यांच्यावर ओरडायचंय त्यांची नावं सोडून द्या." थोरल्या साहेबांच्या कपाळावरची आठी जरा विरली. "श्वास पोटात. डोळे मिटा. आता मनानं पाहा, ची निघाली आहे. कार्यालयाच्या फाटकातून बाहेर पडली. पुलावरून गेली. शाळेला वळसा घातला. आता ती एका गल्लीच्या तोंडाशी आली आणि तिथे अडली. थोरले साहेब, अडथळा दिसतोय का?"

थोरले साहेब डोळे मिटून म्हणाले, "दिसतोय."

"कसा आहे?"

"काळा. चौकोनी."

"खांबावर आहे का?"

"आहे!" थोरले साहेब थरारले.

"त्यातून तेल गळतंय?"

"अहो, गळतंय!"

"तोच तो," काकू म्हणाल्या. "आता हा अडथळा दूर होईपर्यंत आपण सगळे शांत उभे राहू."

आणि आम्ही उभे राहिलो. आधी मांड्या थरथरल्या, मग कोपर, मग मनोधैर्य. लेखापालांच्या नाकावर माशी बसली आणि तिथेच स्थायिक झाली. साहेब ओठ न हलवता पुटपुटले, "काकू, सांगता करा."

"कशी करू, साहेब? अडलेल्या ऊर्जेवर सांगता केली तर ती उलट फिरते. तुमचंच लेखी आहे."

"मग दूर करा ना तो अडथळा!" थोरले साहेब कळवळून म्हणाले. त्यांचे हात लटपटत होते, पण चेहऱ्यावर विलक्षण तेज होतं. (घाम होता.)

"तेच म्हणते मी."

"पण कसा? मनानं?" साहेबांनी विचारलं.

"सुरुवात मनानं करायची," काकू म्हणाल्या. "मग गाडीनं."

थोरल्या साहेबांनी गाडी काढण्याचा हुकूम चेंडू धरूनच दिला. वायरमन बाहेर व्हरांड्यात बसलेले होते. खांबावर चढणाऱ्यांना या अभ्यासातून वगळलं होतं, कारण त्यांनी बुंध्याला मिठी मारलेली कुणाला कळलीच नसती. त्यांचा मुकादम आत आला आणि म्हणाला, "नवा डबा भांडारात आहे, साहेब. भांडाराला कुलूप आहे."

"किल्ली?"

सगळ्या माना उद्यानानांकडे वळल्या. नाना दोन्ही हातांत चेंडू धरून उभे होते. त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "उद्या..."

थोरल्या साहेबांनी एक डोळा उघडला.

"...म्हणजे उजव्या. उजव्या खिशात आहे," नाना म्हणाले.

मुकादमानं किल्ली काढून घेतली. जरा वेळानं क्रेनचा घरघराट ऐकू आला, मग गाडीचा, आणि तो आवाज फाटकातून बाहेर पडून पुलाकडे गेला. काकूंनी तो संपूर्ण विरेपर्यंत वाट पाहिली.

"आता हात सावकाश खाली. बेंबीवर ठेवा. सांगता."

अख्खं कार्यालय जमिनीवर बसलं. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. आपली बदली कुठे होणार याचा नकाशा ते मनातल्या मनात पाहत असावेत. पण थोरले साहेब वेगळ्याच जगात होते. "मी तो डबा पाहिला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "मिटल्या डोळ्यांनी पाहिला. मला तिथे घेऊन चला." त्यांना गल्लीत नेण्यात आलं. खांबावरचा डबा काळा होता, चौकोनी होता आणि त्यातून तेल गळत होतं. (या भागातले सगळेच डबे तसे आहेत, पण थोरल्या साहेबांनी याआधी एकही पाहिला नव्हता, आणि दर्शनाच्या वेळी आकडेवारी काढू नये.) त्यांना भरून आलं. नवा ट्रान्सफॉर्मर चढेपर्यंत ते खांबाखालून हलले नाहीत, आणि अधूनमधून वायरमननाही "खांदे सोडा, खांदे सोडा" असं सांगत होते. वायरमननी ऐकलं नाही, म्हणून अपघात टळला.

दुपार कलताना काकूंच्या पुढच्या खोलीत दिवा लागला, पांढराशुभ्र. जाऊबाईंनी मशीनवर पाय ठेवला आणि सुई न थांबता कापडाच्या दुसऱ्या टोकाला पोचली. शाळा उघडली तेव्हा मुलं गणवेशात होती. मी त्या बाजूनं जात होतो तेव्हा काकूंनी मला हाक मारून चहा दिला, आणि उजव्या हातानं कप पुढे करताना म्हणाल्या, "भाऊ, तुमची विद्या चांगली आहे हो. फक्त तुमच्या हातात पडायला नको होती."

मी हे कौतुक म्हणून नोंदवलं.

थोरल्या साहेबांनी चीगाँग सर्व कार्यालयांत लागू केलं. आमच्या साहेबांची बदली झाली ती बढतीवर. उद्यानानांची मान मोकळी झाली आणि ते आता दोन्ही बाजूंना वळून "उद्या या" म्हणतात. नियमात दोन सुधारणा झाल्या: कुठल्याही ग्राहकानं मार्गदर्शन करू नये, आणि कुठलाही बिघाड वरिष्ठ अधिकाऱ्याला अभ्यासात दिसल्याखेरीज त्याची दखल घेऊ नये. वरिष्ठांना आता फार क्वचित काही दिसतं. त्यांचं मन खूप शांत झालं आहे.

शेवटी असं ठरलं, की या विद्येचा लाभ ग्राहकांनाही द्यावा. कंबर बरी झाल्यावर गुरुजींना खिडकीबाहेरच्या रांगेला शिकवायला पाठवलं. जरा वेळातच ते परत आले. फार खाली मान घालून बसले.

"काय झालं, गुरुजी?"

"मी त्यांना काय शिकवणार?" गुरुजी म्हणाले. "पाय सैल, श्वास संथ, चेहऱ्यावर कसलीही अपेक्षा नाही. खिडकी बंद आहे हे समोर दिसतंय, तरी कुणाचा राग नाही. मी आयुष्यभर ज्या अवस्थेसाठी धडपडलो ती यांना उभ्या उभ्या मिळाली आहे. तेवढ्यात त्या मशीनवाल्या काकू तिथून चालल्या होत्या. त्या ओरडल्या, 'अहो, नुसते उभे काय राहता? बाजूचं दार उघडं आहे!' तर एकजण त्यांच्याकडे वळून किती शांतपणे म्हणाला, 'नको बाई, रांग मोडेल.' त्याला मी मनोमन नमस्कार केला आणि परत आलो."

मी खिडकीच्या फटीतून वाकून पाहिलं. लांबून चेहरा नीट दिसला नाही, पण उभं राहण्याची ढब ओळखीची वाटली. ते तुम्हीच होतात ना? कार्यालयातर्फे तुमचं मनःपूर्वक अभिनंदन. आहात तिथेच राहा, तुमची पातळी फार वरची आहे. पुढे सरकून ती बिघडवू नका.